वामनवृक्षांची चोरी

टोकियोच्या उत्तरेस लागूनच असलेल्या साइतामा प्रांतातील एका बागेतून जानेवारी २०१९ मध्ये सात बोन्साय चोरीस गेले. बाग लहानसहान नव्हे. सुमारे ५ हजार चौरस मीटरांच्या आवारात ३ हजारांच्या आसपास वृक्ष, आणि मालक या विद्येत मुरलेल्या घराण्याच्या पाचव्या पिढीतले. चोरांनी या ३ हजारांतून जे सात उचलले, त्यांत शिंपाकू जातीचा, म्हणजे जुनिपरच्या कुळातला, ४०० वर्षांचा एक वृक्ष होता. त्या एकट्याचीच किंमत १ कोटी येनांहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ६५ लाख रुपये, होती. साती वृक्षांची मिळून ती १ कोटी ३० लाख येनांच्या घरात गेली.

या आकड्यांमुळे बातमी जगभर पसरली खरी. परंतु ती वाचकांच्या मनात राहिली ती वेगळ्याच कारणाने. मालकाच्या पत्नीने फेसबुकवरून आपले दुःख प्रकट केले आणि ज्या कोणी ही झाडे नेली असतील त्यांनी निदान त्यांना नीट पाणी घालावे, अशी कळकळीची विनंती केली. पाण्यावाचून शिंपाकू फार तर आठवडाभर तग धरील, हेही तिने सांगितले. घर फोडले गेल्यावर चोराच्या नावाने बोटे मोडणारी माणसे सर्वत्र आढळतात. चोरीच्या मालाची निगा कशी राखावी, याची सूचना चोरालाच देणारी फिर्यादी मात्र विरळा. या विनंतीत भाबडेपणा पाहणाऱ्यांनी तिचा अर्थ ओळखला नाही. आपले जे गेले ते नेमके काय होते, याची त्या बाईंना पुरती जाण होती, एवढेच तिच्यावरून दिसते.

बोन्साय या जपानी शब्दाचा सरळ अर्थ ‘तबकातील लावणी’ एवढाच आहे. मराठीत त्याला ‘वामनवृक्ष’ म्हणण्याचा प्रघात पडला. शब्द सुरेख आहे. मात्र पुराणातल्या वामनाने पुढे त्रैलोक्य व्यापले, आणि हा वामन शतकानुशतके वामनच राहतो. किंबहुना त्याला तसे ठेवण्यासाठीच सारा खटाटोप असतो. ही खुज्या झाडांची एखादी निराळी जात असावी, अशी अनेकांची समजूत असते. तसे काही नाही. बी तेच, रोप तेच. मोकळ्या जमिनीत लावले तर तेच झाड पन्नास-साठ फूट वाढेल. उथळ कुंडी, काही वर्षांच्या अंतराने मुळांची छाटणी, वेळोवेळी शेंडे खुडणे आणि फांद्यांना तारेने दिलेले वळण, एवढ्यावर त्याचा आकार राखला जातो. तार वेळेवर सोडली नाही, तर ती सालीत रुतते आणि तिचा व्रण कित्येक वर्षे बुजत नाही. पण या सर्वांहून कठीण काम आहे ते पाणी घालण्याचे. ओंजळ-दोन ओंजळ मातीत उभे असलेले झाड भर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागते. अधिक घातले तर मुळे कुजतात, कमी पडले तर एका दुपारीत पाने करपतात. केवळ पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, अशी या धंद्यातल्या उमेदवारांसाठी जपानीत म्हणच आहे. या कामाला रविवार नाही, सणवार नाही. लग्नकार्यासाठी चार दिवस बाहेर जायचे झाले तरी कोणाच्या तरी भरवशाच्या हाती ते सोपवूनच जावे लागते.

झाडाला असे जखडून ठेवणे क्रूरपणाचे आहे, असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. तो अगदीच फोल आहे असे नाही. तारेने करकचून बांधलेली आणि वर्षभरात मरून जाणारी बाजारी रोपे पाहिली की तो पटतोही. परंतु ज्या झाडाचा खरोखर छळ होतो ते झाड शंभर-दोनशे वर्षे जगत नाही. आजोबांनी लावलेले नातवाच्या हातून पाणी पिते, एवढे दीर्घायुष्य छळातून येत नसते.

शिंपाकूची गोष्ट तर आणखी निराळी. हे जुनिपर जपानच्या उंच, उघड्या कड्यांवर खडकांच्या भेगांतून वाढत असत. वारा, बर्फ आणि दगडांचे पडणे यांनी त्यांची खोडे पिळवटून निघत. अर्धेअधिक लाकूड मरून हाडासारखे पांढरे पडे आणि त्याच्या कडेने तांबूस सालीची एक जिवंत पट्टी तेवढी मुळांपासून पानांपर्यंत रस वाहून नेई. मेलेल्या आणि जित्या लाकडाची ही गुंफण हेच या वृक्षाचे सौंदर्य मानले जाते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या झाडांना मागणी आली, तेव्हा ती शोधणारे धंदेवाईक लोक दोरांना लोंबकळत कड्यांवर उतरत. काहींनी त्यात प्राणही गमावले. नीगाता प्रांतातील इतोइगावाचे डोंगर, शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वत, ही अशा शिंपाकूंची प्रसिद्ध ठिकाणे. तिथले जुने वृक्ष आता जवळजवळ संपले. डोंगरातून आणलेल्या झाडाचे वय सांगताना त्यातली बहुतेक वर्षे डोंगराची असतात आणि माणसाचा वाटा त्या मानाने थोडा असतो, हे येथे सांगितले पाहिजे. पण डोंगराने शेकडो वर्षांत घडवलेले झाड कुंडीत टिकवून धरणे हे त्या माणसाचे काम, आणि त्यात एका आठवड्याचीही गय नाही.

चोरीच्या दृष्टीने पाहता बोन्सायची अडचण येथेच सुरू होते. लिओनार्दोचे ‘मोनालिसा’ हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून ऑगस्ट १९११ मध्ये नाहीसे झाले. विन्चेन्झो पेरुज्जा नावाच्या इटालियन कामगाराने ते पळवले होते. दोन वर्षांहून अधिक काळ ते एका पेटीत दडवलेले होते, आणि डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्सला ते हाती लागले तेव्हा जसेच्या तसे होते. सोन्याचे दागिने वितळवले तरी सोने राहते. आपल्या पुण्यात बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारांतून चंदनाची झाडे रातोरात कापून नेण्याचे प्रकार वर्षानुवर्षे चालत आले आहेत. तेथे तर चोराला झाड मेलेलेच हवे असते, त्याचा गाभा तेवढा वजनावर विकायचा असतो. बोन्सायचा गाभा विकता येत नाही. मेलेल्या शिंपाकूला चुलीत घालण्यापलीकडे काही किंमत उरत नाही. म्हणून जो हा माल चोरतो, त्याला त्याच रात्रीपासून त्या मालाची चाकरी करावी लागते. मालकाने जन्मभर केले तेच काम, तितक्याच काळजीने, त्याच घटकेला. ते येत नसेल, तर पेटीत भरून आणलेले कोटभर येन त्याच्या डोळ्यांदेखत पिवळे पडत जातात.

यावरून एक तर्क सहज निघतो. ३ हजार झाडांतून रात्रीच्या अंधारात नेमकी मोलाची सात निवडणारा चोर या विषयात अगदी अडाणी नसावा. निदान त्याला धाडणारा तरी जाणकार असावा. आणि जाणकार असणे म्हणजे झाडांवर प्रेम असणे नव्हे, हीच यातली खेदाची बाजू. गेल्या काही दशकांत बोन्सायला जपानबाहेर, युरोपात, अमेरिकेत, चीनमध्ये गिऱ्हाईक निर्माण झाले. किंमत वाढली तशी चोरांची नजरही वळली. अर्थात राजमार्गाने हा माल देशाबाहेर नेणे सोपे नाही. युरोपीय देशांच्या नियमांप्रमाणे असे खुजे केलेले झाड निर्यातीपूर्वी किमान दोन वर्षे नोंदणी झालेल्या रोपवाटिकेत ठेवावे लागते, तपासावे लागते. चोरीच्या झाडाला असे कागद मिळायचे तर कोणा नोंदणीकृत माणसाने डोळेझाक करावी लागेल. पण देशातल्या देशात, हातोहात, बिनपावतीचा व्यवहार झाला, तर तो उघडकीस कसा यावा?

चित्राच्या पाठीमागे शिक्का असतो, मोटारीला क्रमांक असतो. झाडाला यांपैकी काही नसते. कुंडी बदलली, दोन फांद्या उतरवल्या, पुढची बाजू मागे केली, की वर्ष-दोन वर्षांत सामान्य माणसाला ते ओळखता येणार नाही. फार गाजलेल्या वृक्षांना त्यांची कीर्तीच राखते. टोकियोत १९३४ पासून ‘कोकुफू’ नावाचे प्रदर्शन भरते. त्यात मांडलेल्या वृक्षांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध होतात आणि मुरब्बी लोक खोडाच्या एका वळणावरून झाडाचे नाव सांगतात. असा वृक्ष विकणे म्हणजे चोराने आपणहून फौजदारापुढे उभे राहणे. खरा फटका बसतो तो मधल्या फळीला: ज्यांची झाडे प्रदर्शनाला गेली नाहीत, ज्यांचा फोटो घरच्या आल्बमापलीकडे कोठे नाही, आणि तरीही ज्यांवर कोणीतरी पंचवीस-तीस वर्षे घालवली आहेत, त्यांना. ही चोरी जगभरच्या बातम्यांत येत नाही.

ही मधली फळी आपल्याकडेही आहे. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांचे वामनवृक्ष राखणारी माणसे आता थोडीथोडकी नाहीत. कोणी जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ अलगद सोडवून आणलेला असतो, कोणी पावसाळ्यात गटाराच्या कडेचे वडाचे रोप उचलून त्याला पारंब्या फुटेपर्यंत वाट पाहिलेली असते. त्यासाठी मोजलेली किंमत शून्य. अशी कुंडी एके सकाळी जागेवर नसली, तर ठाण्यातला पहिला प्रश्न ठरलेला: मालाची किंमत काय? रोपवाटिकेत वडाचे रोप थोडक्या पैशांत मिळते. पंचनाम्याच्या रकान्यात तीस वर्षांच्या सकाळ-संध्याकाळी लिहायला जागा नसते.

गंमत अशी की, आपल्या कायद्याला झाडांची चोरी अपरिचित नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीची व्याख्या करणाऱ्या ३७८ व्या कलमाखालचे पहिलेच उदाहरण झाडाचे होते. जमिनीत रुजलेले झाड ही जंगम मालमत्ता नव्हे, म्हणून त्याची चोरी होत नाही. परंतु अप्रामाणिक हेतूने ते तोडून जमिनीपासून वेगळे केले, की त्याच क्षणी चोरी घडते. २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि चोरीचे कलम ३०३ वे झाले, तरी तत्त्व तेच राहिले. कुंडीतला वामनवृक्ष मात्र आधीच जमिनीपासून वेगळा. तो उचलताच गुन्हा पुरा होतो, त्यावर एकही घाव घालावा लागत नाही. आणि समजा चोर सापडला, झाडही सापडले, तर ते मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा व्हायचे. सुपूर्तनाम्यावर ते मालकाच्या हाती येईपर्यंत त्याला पाणी कोणी घालायचे? नाशवंत मालाची लवकर विल्हेवाट लावण्याची मुभा कायद्यात आहे, ती भाजीपाला आणि फळे यांसारख्या मालाच्या कामी येते. एखाद्या समंजस हवालदाराने मालकालाच रोज ठाण्यात येऊन पाणी घालू द्यावे, हाच त्यातल्या त्यात खरा उपाय. मालकांनी आपल्या झाडांचे चारी बाजूंनी फोटो दरवर्षी तारखेनिशी काढून ठेवावेत, मुळांच्या छाटणीची, तारेच्या जुन्या व्रणांची नोंद वहीत करावी, एवढे मात्र आजही करता येण्याजोगे आहे. खोडावरचा व्रण हा माणसाच्या जन्मखुणेसारखाच असतो. तो लपवता येतो, पण मालकाला दाखवता येतो.

अशी चोरी किमतीपलीकडचे जे काही नेते, ते साइतामा प्रांतातच चांगले दिसते. १९२३ च्या भूकंपाने टोकियोचा बराच भाग जळून गेला. शहरातले बोन्साय-व्यावसायिक स्वच्छ पाणी आणि मोकळी हवा शोधत उत्तरेस ओमिया येथे आले आणि १९२५ मध्ये तेथे त्यांनी आपली वसाहत वसवली. या वसाहतीने पुढे स्वतःसाठी काही नियम घालून घेतले. येथे राहणाऱ्याकडे दहा तरी बोन्साय असावेत. कुंपण झुडपांचे असावे. दुमजली घर बांधू नये. आणि पाहायला येणाऱ्यासाठी दार उघडे असावे. यांतला शेवटचा नियम सर्वांत मोलाचा. मौल्यवान वस्तू बाळगणारी माणसे भिंती उंच करीत असताना या लोकांनी दार उघडे ठेवण्याचा करार केला, कारण पाहणाऱ्यावाचून त्यांची कला अपुरी होती. एके काळी तीसच्या आसपास बागा असलेल्या त्या वसाहतीत आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. वारस मिळत नाहीत, जमिनीचे कर परवडत नाहीत, ही कारणे मोठी आहेतच. त्यांत चोरीच्या धास्तीची भर पडली, तर उरलेली दारेही आतून लावून घेतली जातील. प्रत्येक चोरीनंतर एक कॅमेरा, एक कुलूप, एक तारेचे कुंपण वाढते. आणि उद्या उमेदवारी करायला येऊ शकला असता असा एखादा पोरगा फाटकावरूनच परत जातो.

या कलेतली सर्वांत जुनी आणि आवडती कथा नेमकी उलट्या वृत्तीची आहे. ‘हाची नो की’, म्हणजे ‘कुंडीतील झाडे’, या नावाच्या नो नाटकात ती येते. वतन गमावून दारिद्र्यात पडलेला सानो नावाचा एक योद्धा. बर्फाच्या रात्री त्याच्या दारी एक वाटसरू भिक्षू येतो. घरात जळण नाही. पूर्ववैभवाची खूण म्हणून सानोने तीन कुंड्या तेवढ्या राखल्या आहेत: एक प्लम, एक चेरी, एक पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो तिन्ही झाडे तोडून शेकोटीत घालतो. भिक्षू हा वेषांतर केलेला होजो तोकियोरी, देशाचा माजी कारभारी, असतो आणि पुढे तो सानोला त्या तीन झाडांच्या नावांशी जुळणारी तीन गावे इनाम देतो. इनामाचा भाग नाटकाच्या सोयीचा म्हणून सोडून दिला, तरी झाडे जाळण्याचा हक्क फक्त त्यालाच होता हे उरतेच. कारण ती जगवली त्यानेच होती.

असे देणे इतिहासातही घडले आहे. हिरोशिमाच्या मासारू यामाकी यांनी १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त एक पांढरा पाइन वॉशिंग्टनच्या संग्रहाला भेट दिला. १६२५ पासून तो कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँब पडला तेव्हा तो स्फोटस्थानापासून दोनएक मैलांवर, यामाकींच्या बागेच्या भिंतीआड, होता आणि वाचला. ज्या राष्ट्राने तो बाँब टाकला त्यालाच यामाकींनी झाड दिले, तेव्हा ही हकीकत पुढे आली नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड पाहायला गेले, तेव्हा संग्रहालयाला ती कळली.

त्याच अमेरिकेत, पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात, फेडरल वे येथे पॅसिफिक बोन्साय म्युझियम आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये एका रविवारी पहाटेच्या सुमारास तेथून दोन झाडे गेली. एक कियोको हातानाका या बाईंनी घडवलेले सिल्व्हरबेरीचे. दुसरे काळ्या पाइनचे. ते जुझाबुरो फुरुझावा यांनी बी रुजवून वाढवले होते. १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आज्ञेने जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडले गेले, त्यांत फुरुझावा होते. कुंडी कोठून मिळणार? त्यांनी पत्र्याच्या डब्यात बी पेरले. स्वतः तारांच्या कुंपणाआड असलेल्या माणसाने डब्यातल्या रोपाला रोज पाणी घातले, आणि ते झाड युद्ध, छावणी आणि स्वतः फुरुझावा या सर्वांना मागे टाकून सात दशकांनंतरही हिरवे होते.

संग्रहालयाने लोकांपुढे आवाहन केले. त्यातही सूर साइतामाच्या त्या बाईंसारखाच होता: ही झाडे रोजच्या निगेवाचून जगणार नाहीत. बातमी गावोगाव झाली. दोन दिवसांनी, मंगळवारी रात्री उशिरा, पहारेकऱ्यांना संग्रहालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही झाडे ठेवलेली आढळली. कोणी आणून ठेवली ते दिसले नाही. सिल्व्हरबेरीच्या काही फांद्या हाताळणीत मोडल्या होत्या. काळा पाइन बहुतांशी शाबूत होता. दोघांना आत नेऊन तपासले गेले आणि ती पुन्हा आपल्या जागी मांडली गेली. मोडलेल्या फांद्यांची जागा भरून यायला किती वर्षे लागतील, हे ज्याने ती दोन रात्री सांभाळली त्याला ठाऊक होते की नाही, कोण जाणे.